फॅट बर्नर: आधी चार तारे दिले होते, आता दोन करतेय

चरबी जाळतो म्हणवणाऱ्या या फॅट बर्नरच्या एका कॅप्सूलमध्ये कॅफीन किती मिलिग्रॅम आहे, एवढंच मला कंपनीकडून हवं होतं. ईमेल केला, चॅटवर विचारलं, शेवटी फोन लावला. फोनवरची मुलगी नम्र होती, पण उत्तर ठरलेलं होतं: "मॅडम, तो आमचा प्रोप्रायटरी ब्लेंड, म्हणजे आमचं स्वतःचं खास मिश्रण आहे, प्रत्येक घटकाचं प्रमाण आम्ही सांगत नाही." मी म्हटलं, "अगं, मला तुमचा फॉर्म्युला नकोय. मला रात्री झोप लागत नाहीये, बीपी वाढलंय आणि डॉक्टर विचारतायत, दिवसाला कॅफीन किती जातंय ते." त्यावर तिने तक्रार वरच्या टीमकडे पाठवली. तिथून आजपर्यंत उत्तर नाही. म्हणून जुना रिव्ह्यू बदलून हा नव्याने लिहितेय.

ब्रँडचं नाव देत नाही, कारण दुकानात याच्या शेजारी ठेवलेल्या निम्म्या बाटल्यांवर हाच मजकूर आहे: ग्रीन टी अर्क, गार्सिनिया, एल-कार्निटीन, कॅफीन, काळ्या मिरीचा अर्क. ६० कॅप्सूल, १,८९९ रुपये. समोर मोठ्या अक्षरांत ६० लिहिलंय, पण मागे बारीक अक्षरांत "एक सर्व्हिंग = २ कॅप्सूल" असं आहे. म्हणजे बाटली महिनाभराचीच आणि रोजचे ६३ रुपये. घेताना हे बघाच.

मार्चमध्ये सुरू केलं तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. जिममधला ट्रेनर म्हणाला, "ताई, सकाळी उपाशीपोटी दोन घ्या आणि ट्रेडमिलवर चढा, फॅट पेटतं." अर्ध्या तासात अंगात तरतरी यायची, चढ वाढवला तरी दम लागायचा नाही, आणि नाश्त्याची वेळ टळून गेली तरी भूक नसायची. पहिल्या पंधरवड्यात वजनही उतरलं. चार तारे तेव्हाचे आहेत.

बाटलीबरोबर एक छापील आहारतक्ता येतो, त्याकडे कोणी फार लक्ष देत नाही. त्यात साखरेचा चहा बंद, संध्याकाळचं फरसाण बंद, रात्री एकच भाकरी, ताटात कोशिंबीर भरपूर. मी तो अक्षरशः पाळला. माझ्या मते उतरलेल्या वजनाचं श्रेय त्या कागदाला आहे. असं म्हणायला आधार आहे. १९९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १३५ लठ्ठ माणसांवर झालेली गार्सिनियाची चाचणी प्रसिद्ध झाली. १२ आठवडे अर्ध्या लोकांना रोज १,५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल, म्हणजे गार्सिनियातला कामाचा समजला जाणारा भाग दिला, उरलेल्यांना नुसती रिकामी गोळी. कमी कॅलरीचा आहार सगळ्यांना सारखाच. गार्सिनियावाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं आणि रिकाम्या गोळीवाल्यांचं ४.१ किलो. आहाराने दोघांनाही हात दिला, गोळीने कोणालाच नाही.

हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण गार्सिनिया आपल्या कोकमाच्याच कुळातलं. माझं माहेर सावंतवाडीचं, आमसुलं वाळत घालण्यात उन्हाळे गेलेत. केरळात मासळीच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी म्हणजेच हे फळ. तेच आम्ल आपल्या कोकमाच्या सालीतही असतं. परीक्षानळीत ते चरबी तयार करणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं हे खरं आहे, पण माणसाच्या वजनात त्याचा फरक दिसत नाही.

आता त्या ब्लेंडकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे. लेबलवर लिहिलंय: "ब्लेंड ९५० मिग्रॅ", आणि त्यापुढे पाच नावं. वेगवेगळे आकडे नाहीत. मी कागद-पेन घेऊन बसले. गार्सिनियाच्या त्या चाचणीतली मात्रा १,५०० मिलिग्रॅम, तीच इथे मावत नाही. कार्निटीनचे प्रयोग बघितले तर रोज साधारण दोन ग्रॅम देतात, म्हणजे २,००० मिलिग्रॅम, आणि तेवढं देऊनही वजनातला फरक किलो-सव्वा किलोचा. कार्निटीन चरबीची आम्लं पेशीच्या भट्टीत, मायटोकॉन्ड्रियात, नेऊन सोडतं हे शाळेतल्या जीवशास्त्राइतकं पक्कं आहे. पण शरीर ते स्वतः बनवतं, दुधातून-मटणातूनही मिळतं, आणि जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. तेव्हा पाचांपैकी कमी मात्रेत जाणवण्याइतकं काम करणारा घटक एकच उरतो, कॅफीन. १०० ते २०० मिलिग्रॅम पुरतं आणि ९५० मध्ये आरामात मावतं.

एक कॅप्सूल स्टीलच्या ताटलीत उघडून पाहिली. हिरवट-तपकिरी भुकटी, त्यात चमकणारे बारीक पांढरे कण. बोटाच्या टोकाने जिभेला लावली तर कडूजहर. कॅफीन कडूच असतं. किती आहे हे मात्र चवीवरून कळत नाही, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

मग हे चरबी "पेटवतं" म्हणजे करतं काय? कॅफीनमुळे शरीरात नॉरअ‍ॅड्रेनालिन या उत्तेजक संप्रेरकाचा जोर वाढतो, त्याच्या इशाऱ्यावर चरबीच्या पेशी साठवलेली आम्लं रक्तात सोडतात. इथपर्यंत जाहिरात खरी आहे. पुढचं वाक्य जाहिरातीत नसतं: रक्तात आलेली ती आम्लं स्नायूंनी वापरली नाहीत तर पुन्हा जिथल्या तिथे साठवली जातात. चरबी सुटणं वेगळं आणि जळणं वेगळं. दिवसभरात खाल्लेल्यापेक्षा खर्च जास्त झाला तरच हिशोब खाली येतो, आणि एक किलो चरबी म्हणजे जवळपास ७,७०० कॅलरी.

कॅफीनने बसल्याजागीचा खर्चही वाढतो. १०० मिलिग्रॅमने पुढचे अडीच तास सुमारे ३ ते ४ टक्के. माझ्यासारख्या बाईचा विश्रांतीतला खर्च दिवसाला १,३०० कॅलरी धरला तर अडीच तासांचे झाले १३५, त्याचे ४ टक्के म्हणजे पाच-साडेपाच कॅलरी. एका ग्लुकोज बिस्किटाचा पाव तुकडा. मात्रा वाढवत नेली तर आकडा वाढतो, पण निरोगी प्रौढासाठी दिवसाची मर्यादा ४०० मिलिग्रॅम आणि एका वेळची २०० असं युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितलंय. शिवाय रोज घेणाऱ्याला सवय होते आणि परिणाम बोथट होत जातो. मला दुसऱ्या बाटलीत ते स्पष्ट जाणवलं, तरतरी निम्म्यावर आली.

बदल (जुलै): रिव्ह्यू बदलायला लावलं ते हे.

दुसरी बाटली संपत आली तेव्हा रात्री दोन-दोनपर्यंत डोळा लागेना. छातीत धडधड. घरच्या यंत्रावर बीपी १४४/९२ आलं, एरवी माझं १२० च्या आसपास असतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, कॅफीन किती, आणि माझ्याकडे आकडा नव्हता. दुसरा प्रश्न ग्रीन टीच्या अर्काचा. चहा पिणं वेगळं, अर्क वेगळा. त्यातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, असं त्याच युरोपीय संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलंय. माझ्या बाटलीत ते किती? त्याच ९५० मध्ये दडलेलं. म्हणून एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी लागली. नॉर्मल आली, देवाची कृपा. पण तपासणीचे पैसे आणि दोन दिवसांची धास्ती मला का सोसावी लागली? एक आकडा छापला असता तर भागलं असतं.

वजन कमी करण्याच्या धंद्यात लपवाछपवीचा इतिहास साधा नाही. एफेड्रा या उत्तेजक वनस्पतीच्या सप्लिमेंटवर अमेरिकेत बंदी यायला २००४ उजाडलं, तोवर माणसं दगावली होती. सिब्युट्रामीन हे भूक मारणारं औषध हृदयाला घातक म्हणून भारतात २०११ मध्ये बंद झालं, तरी "हर्बल" म्हणवणाऱ्या गोळ्यांमध्ये ते चोरून मिसळलेलं पुढेही सापडत राहिलं. माझ्या बाटलीत तसलं काही आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण हा इतिहास माहीत असलेल्या कंपनीने आकडे झाकावेत हे मला पटत नाही. बाटलीवर "नॉट फॉर मेडिसिनल यूज" लिहिलेलं असतं, तेही वाचा. हे औषध नाही, आणि औषधासारखा परिणाम सिद्ध करून ते बाजारात आलेलं नाही.

पैसे परत मागितले त्याचंही सांगते. "३० दिवसांत फरक नाही तर पैसे परत" अशी हमी आहे. अट एक: पूर्ण महिन्याचा कोर्स केलेला हवा. अट दोन: बाटली निम्म्याहून जास्त भरलेली परत पाठवायला हवी. दोन्ही एकाच वेळी पाळायच्या कशा, हे तिथल्या कोणालाही सांगता आलं नाही. टोलवाटोलवी झाल्यावर पुढच्या खरेदीवर ३०० रुपयांचं कूपन देऊ केलं. मी नाकारलं आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती अजून चालू आहे.

तरीही दोन तारे देतेय, कारण व्यायामात मिळालेली मदत खोटी नव्हती. कॅफीनने दम टिकतो, हे खेळाडूंवर वारंवार पाहिलं गेलंय. बीपी ताळ्यावर आल्यावर डॉक्टरांना विचारून मी व्यायामाआधी एक कप बिनसाखरेची, बिनदुधाची कॉफी सुरू केली. दोन ग्रॅमचा सपाट चमचा, कॅफीन अंदाजे ६० मिलिग्रॅम, खर्च आठ-नऊ रुपये. चिकोरी मिसळलेली घेतलीत तर कॅफीन कमी पडेल. ट्रेडमिलवर तीच तरतरी, झोप व्यवस्थित, आणि तक्ता पाळणं चालू असल्यामुळे वजन हळूहळू उतरतंय.

बीपी, हृदयाचा त्रास, पोटात बाळ किंवा अंगावर पाजणं यांपैकी काही असेल तर अशा बाटलीला हात लावू नका. माझ्या जावेने उरलेल्या कॅप्सूल मागितल्या, "ताई, टाकून देण्यापेक्षा मला द्या." तिला थायरॉइडची गोळी चालू आहे, आणि ती गोळी कॉफीबरोबर घेतली तर अंगी लागत नाही म्हणून डॉक्टरांनी तिला सकाळी कॉफीसुद्धा उशिरा घ्यायला सांगितलीय. मी दिल्या नाहीत. तिला आहारतक्त्याची झेरॉक्स काढून दिली.