एचटू सोडून टेस्टसाठी खरा पोस्टग्रेस: टेस्टकंटेनर्सचे सात महिने

सोलापूरची गड्ड्याची जत्रा संपली त्या आठवड्यात टेस्टकंटेनर्स (टेस्टपुरता खरा डेटाबेस उभा करून देणारी लायब्ररी) लावलं होतं, आता श्रावण लागला, म्हणजे सात महिने धरा. आमचं होटगी रोडला आठ जणांचं ऑफिस, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी बिलिंग आणि जॉबवर्कचं सॉफ्टवेअर करतो. भाषा जावा, तिच्यावर स्प्रिंग बूट हा फ्रेमवर्क, खाली डेटाबेस पोस्टग्रेस १५.

आधी टेस्ट, म्हणजे कोड आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम, एचटू नावाच्या हलक्या डेटाबेसवर चालायच्या. तो मेमरीत चालतो, इन्स्टॉल करायचं काही नाही, चहा यायच्या आत सगळं हिरवं, म्हणजे पास. पण पोस्टग्रेस मोड लावला म्हणून तो काय पोस्टग्रेस होत नाही. आमची चलनाची (मालासोबतच्या कागदाची) स्टॉक एंट्री ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’वर, म्हणजे नोंद आधीच असेल तर नवी न घालता तीच बदलायची, ते एचटूला कळत नाही, मग कुणीतरी (मीच) टेस्टपुरती वेगळी क्वेरी लिहून ठेवलेली. खऱ्या क्वेरीत कॉन्फ्लिक्ट लावला होता आयडीवर, चलन नंबरवर नाही, त्यामुळं तो कधी व्हायचाच नाही. डिसेंबरात एका कारखान्यात त्याच चलनाचा माल दोनदा चढला आणि मालकांचा फोन, "ओ साहेब, कॉम्प्युटरमध्ये एवढा माल हाय, गोडाऊनला कुठाय दावा की." काय बोलणार.

तर टेस्टकंटेनर्स करतं काय, टेस्ट सुरू झाली की डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या बंद डब्यात वेगळा चालवायची सोय) खराखुरा पोस्टग्रेस उभा करतं, रिकामा पोर्ट शोधून देतं, आणि शेवटी रायुक नावाचा त्यांचाच एक छोटा कंटेनर मागचा पसारा आवरतो, टेस्ट मधेच मेली तरी. स्प्रिंग बूट ३.१ पासून ‘सर्व्हिस कनेक्शन’ची एक ओळ टाकली की यूआरएल-पासवर्ड पण लिहावा लागत नाही. जोडणी अर्ध्या दिवसात झाली, खरं काम त्याच्या नंतर निघालं.

पहिली चूक म्हणजे प्रत्येक टेस्ट क्लासला नवा कंटेनर. पूर्ण संच चालायला वीसेक मिनिटं, पोरं वैतागली, "एचटूच बरा होता बे" सुरू झालं. मग एकच स्टॅटिक कंटेनर सगळ्यांना दिला, डेटा फोल्डर टीएमपीएफएसवर म्हणजे रॅममध्ये टाकला आणि एफसिंक, म्हणजे डेटा डिस्कवर पक्का उतरेपर्यंत थांबणं, बंद केलं (फक्त टेस्टमध्ये हो, प्रॉडक्शनला म्हणजे गिऱ्हाइकाच्या चालू सिस्टिमला कुणी करू नका), तेव्हा पाच मिनिटांवर आलं.

दुसरी गोष्ट जरा मोठी आहे. स्प्रिंगमध्ये टेस्टवर ‘ट्रान्झॅक्शनल’ लावलं की टेस्टमधले सगळे बदल एका ट्रान्झॅक्शनमध्ये (एका गठ्ठ्यात) होतात आणि शेवटी रोलबॅक होतो, म्हणजे ते मागे घेतले जातात, डेटाबेस स्वच्छ, सगळे असंच करतात, आम्हीपण केलं. यात जेवढं फसलो तेवढं कशात नाही. आमच्या व्हाउचरला जमा-नावे बरोबर आहे का बघणारा कन्स्ट्रेंट ट्रिगर आहे, तो डिफर्ड, म्हणजे कमिटच्या (बदल पक्के करायच्या) वेळी तपासतो. आणि टेस्टमध्ये कमिट होतंच नाही! शंभर रुपये जमा आणि नव्वद नावे टाकले तरी टेस्ट पास. ‘सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट’ चालवलं की तिथल्या तिथं पकडतो, पण ते दर टेस्टला कोण लक्षात ठेवणार. तसंच हायबरनेटचं (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसात लिहिणारी-वाचणारी लायब्ररी), सेव्ह केलं आणि लगेच आयडीने वाचलं तर तो आपल्याच खिशातला ऑब्जेक्ट काढून देतो, डेटाबेसला विचारतच नाही, बऱ्याचदा तर इन्सर्ट गेलेलाच नसतो.

आणि वेळेचा घोळ. चलनांची यादी ‘नवीन आधी’ दाखवायची, तारखेचा कॉलम डेटाबेसच ‘नाऊ’ने भरतो. टेस्ट कधी पास कधी फेल. आमच्या एकाने मधे एका सेकंदाचा स्लीप टाकला, मग दोनचा, मग पाचचा. फरक शून्य, कारण पोस्टग्रेसचा ‘नाऊ’ ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतो, आतमध्ये तासभर झोपलात तरी तीच. चालू घड्याळ पाहिजे तर ‘क्लॉक टाइमस्टॅम्प’. दोन दिवस गेले यात, तेही मेच्या उन्हात आणि एसी बंद असताना.

शेवटी रोलबॅक सोडला. आता प्रत्येक टेस्टच्या आधी सगळी टेबलं ट्रंकेट म्हणजे रिकामी, रीस्टार्ट आयडेंटिटी (आयडी परत पहिल्यापासून) आणि कॅस्केड (जोडलेली टेबलंही) सकट. आधी करतो, नंतर नाही, म्हणजे फेल झालेल्या टेस्टचा डेटा उघडून बघता येतो. फ्लायवे टेबलांच्या रचनेतले बदल (मायग्रेशन) क्रमाने चालवतो आणि कुठले झाले ते हिस्टरी टेबलात लिहितो, ते टेबल मात्र वगळा, आम्ही तेही पुसलं आणि पुढचा स्प्रिंग कॉन्टेक्स्ट उठल्यावर (अॅप परत सुरू झाल्यावर) फ्लायवेने पहिल्यापासून मायग्रेशन चालवायला घेतली, ‘टेबल आधीच आहे’ म्हणून आडवा. मायग्रेशनमधून भरलेले मास्टरही (कायमच्या याद्यांची टेबलं) वगळायचे. तपासणी आता सरळ एसक्यूएलने करतो, जेडीबीसी टेम्प्लेटने, ज्या रिपॉझिटरीने (डेटाबेसशी बोलणाऱ्या आपल्याच कोडने) लिहिलं तिलाच ‘नीट लिहिलंस का’ विचारण्यात काय अर्थ. नुसता काउंट बघत नाही, रक्कम आणि चलन नंबरही बघतो.

अनपेक्षित फायदा झाला तो मराठी नावांच्या क्रमाचा. युनिकोडात ळ हा ल च्या लगेच नंतर बसलाय, म्हणून साध्या क्रमात काळे आधी, कावळे नंतर. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, म्हणजे कावळे आधी पाहिजे. पोस्टग्रेसच्या मराठी आयसीयू कोलेशनने (भाषेप्रमाणे क्रम लावायच्या नियमांनी) ते बरोबर लागतं, पण एचटूत ती क्वेरी चालतच नव्हती त्यामुळं खातेदारांच्या यादीला टेस्टच नव्हती. आता आहे. डॉकर इमेजचा (ज्यावरून कंटेनर बनतो तो साचा) नंबर मात्र पक्का लिहा, ‘लेटेस्ट’ नको, प्रॉडक्शनला १५ तर टेस्टला १५.

तक्रारी आहेत. विंडोजवर डॉकर म्हणजे डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स), ८ जीबीच्या लॅपटॉपवर आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर), ब्राउझर आणि हे तिन्ही सुखाने नांदत नाहीत, डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये मेमरीला कुलूप घालावं लागलं. कंटेनर तसाच जिवंत ठेवायचा रीयूज पर्याय वापरून सोडला, कालचा डेटा आज भेटतो. डॉकर डेस्कटॉपचं लायसन्स आमच्यासारख्या छोट्यांना फुकट आहे, २५० पेक्षा कमी माणसं आणि वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल अशा दोन्ही अटी आहेत, दुसरीची काळजी अजून तरी नाही.

टेस्ट एकाच वेळी समांतर चालवणं जमलेलं नाही. टेम्प्लेट डेटाबेसवरून प्रत्येकाला वेगळी कॉपी द्यायचा प्रयत्न चालू आहे, पण टेम्प्लेटला एक जरी कनेक्शन चिकटलेलं असलं तरी पोस्टग्रेस कॉपी करू देत नाही, आणि आमचा कनेक्शन पूल (उघडी ठेवलेली कनेक्शनं) तिथंच ठाण मांडून बसतो. टेस्टकंटेनर्सला पाचपैकी चार गुण देतो, एक कापला तो रॅमसाठी.