टेस्टोस्टेरॉन थेरपीचा अनुभव: आकडा भरपूर, तरी थकवा का?

मोठेपणी झालेल्या गालफुगीत माझ्या दोन्ही अंडकोषांना सूज आली होती. ती उतरली, पण पुढच्या काही वर्षांत दाढी विरळ झाली, इच्छा मावळली आणि वखरामागं तासभर चाललं तरी अंग गळून जाऊ लागलं. यवतमाळ जिल्ह्यात कापूस-तुरीचं वावर आहे माझं, अंगमेहनत काही चुकत नाही. नागपूरच्या हार्मोनच्या डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त द्यायला लावलं. दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, दीडशेच्या आत निघालं. साधारण ३०० च्या वर हवं असतं. मेंदूकडून अंडकोषांना हुकूम देणारी हार्मोन्स, एलएच आणि एफएसएच, मात्र चढलेली. म्हणजे मेंदूकडून हुकूम सुटतोय, अंडकोषच काम करत नाहीत.

हे आधी सांगतोय, कारण नुसत्या थकव्यावर, एकही तपासणी न करता, जिमवाल्याच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनचं औषध टोचून घेणारी पोरं आमच्या तालुक्यातही आहेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि शुक्राणूही कमी होत जातात, कधी कधी पार शून्यावर. ज्याला अजून मूल हवंय त्यानं हे डॉक्टरांना आधी सांगितलंच पाहिजे.

माझी सुरुवात एनॅन्थेट नावाच्या टेस्टोस्टेरॉनच्या २५० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनानं झाली, दर तीन आठवड्यांनी एक. पहिल्या आठवड्यात अंगात दम यायचा, थोडी झोपही पुरायची, वावरात माणसं दमली तरी मी थांबत नसे. तिसऱ्या आठवड्यात चिडचिड, घाम, आणि दुपारी बाज सोडवत नसे. बायको कॅलेंडर न पाहता सांगायची, "सुईचा दिवस जवळ आला वाटते तुमचा." तिचं बरोबर असायचं. हे औषध टोचल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तात शिगेला जातं आणि मग उतरत राहतं. एकदा सुईनंतर लगेचच्या दिवसांत तपासलं तर आकडा रेंजच्या वर, पुढच्या खेपेला सुईच्या तोंडावर तपासलं तर खाली. एका डॉक्टरनं डोस जास्त होतोय म्हटलं, दुसऱ्यानं कमी पडतोय. दोघांसमोर कागद होता, पण रक्त सुईनंतर कितव्या दिवशी घेतलं हे त्या कागदावर कुठंच नव्हतं. तेव्हापासून मी रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनानं ते लिहून ठेवतो. तुम्हीही लिहा.

मग कातडीला लावायचं टेस्टोस्टेरॉनचं जेल सुरू केलं. पाच ग्रॅमच्या पुडीत ५० मिलिग्रॅम औषध असतं, त्यातलं जेमतेम दहावा हिस्सा कातडीतून आत जातं. सकाळी आंघोळ करून खांद्यांवर आणि दंडांवर लावायचं, स्पिरिटसारखा वास उडून जाईपर्यंत थांबायचं, सदरा घालायचा, हात साबणानं धुवायचे. चढउतार संपले, हा मोठाच फायदा. पण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढं जातो. लावल्यावर काही तास अंगावर पाणी घ्यायचं नाही, आणि घामानं तर सदरा पाठीला चिकटलेला. मी पहाटे आंघोळ करून जेल लावायचो, वाळलं की मगच वावरात जायचो, दुसरी आंघोळ थेट संध्याकाळी.

खरी काळजी माझ्या पुतणीची होती. दिवसभर माझ्या खांद्यावर बसणारी पोर. जेल लावलेली कातडी लहान लेकराच्या अंगाला घासली तर औषध त्याच्या अंगात जातं. नको त्या वयात केस येणं, जननेंद्रियं वाढणं असे प्रकार झालेले आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००९ मध्ये याबद्दल पाकिटावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडच्या घरात एक दुपट्टा सगळे वापरतात, उन्हाळ्यात अंगणात एका ओळीत सगळे झोपतात. मी माझा दुपट्टा वेगळ्या खिळ्याला टांगला, बनियन वेगळी धुवायला लावली, उघड्या अंगानं बसणं बंद केलं. घरात छोटी लेकरं असतील तर माझ्या मते जेल घेऊच नये. घ्यायचंच असेल तर एवढी शिस्त घरातल्या प्रत्येकाला पाळता येईल का, हे आधी पाहा.

जेलवर असतानाच तो अजब रिपोर्ट आला: टेस्टोस्टेरॉन १८०० च्या वर, आणि मी मात्र निंदणाऱ्या बायांच्या मागं उभा राहूनही थकलेला. एका ठिकाणी तर औषध ताबडतोब बंद करा म्हणून सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरांनी फक्त एक प्रश्न विचारला, "भाऊ, रक्त कुठून घेतलं?" कोपरातून घेतलं होतं, त्याच हातातून, ज्याच्या दंडावर सकाळी जेल चोळलं होतं. कातडीवरचं औषध सुईबरोबर नमुन्यात मिसळलं की आकडा असा खोटा फुगतो. काही दिवस जेल पोटावर लावून परत रक्त दिलं, आकडा रेंजमध्ये आला. रक्त घेणाऱ्या पोरानं एका शब्दानं विचारलं नव्हतं, आणि याचा मला अजून राग आहे, कारण त्या एका कागदावर माझं औषध बंद होणार होतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खाणाऱ्यांनीही सावध राहावं. जास्त डोसचं बायोटिन काही मशीनवर टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) खोटं कमी दाखवतं. लॅबला सांगा आणि डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी गोळ्या थांबवा.

हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्क्याकडे, प्रत्येकानं बघावं. या औषधानं तांबड्या पेशी वाढतात, रक्त दाट होतं; ५४ टक्क्यांच्या वर गेलं की डॉक्टर औषध थांबवतात. माझं भर मे महिन्यात ५३ आलं. वावरात उन्हात राबून, पाणी कमी पिऊन दिलेलं रक्त तसंही दाट दिसतं. भरपूर पाणी पिऊन, एक दिवस आराम करून परत तपासलं तर ५० निघालं. तरी डॉक्टरांनी ते सोडून दिलं नाही, कारण रक्त दाट होण्यामागं रात्री झोपेत अडणारा श्वासही असू शकतो.

आणि इथंच माझ्या थकव्याचं बरंचसं उत्तर सापडलं. अंगणात झोपल्यावर माझं घोरणं शेजाऱ्यांनाही ऐकू जायचं, ते सगळ्यांना माहीत होतं. बायकोनं त्यापुढचं पाहिलं होतं: घोरणं एकदम थांबायचं, छाती हलायची पण नाकातोंडातून हवा यायची नाही, मग मी दचकून मोठा श्वास घ्यायचो. डॉक्टरांनी तिला समोर बसवून हे सगळं विचारलं. झोपेची तपासणी झाली, स्लीप ॲप्निया निघाला. टेस्टोस्टेरॉननं तो बिघडू शकतो. जोडीला बी १२ अगदी तळाला. आम्ही घरचे सगळे शाकाहारी. बी १२ ची इंजेक्शनं झाली, नाकाला लावायचं मशीन आलं, आणि रात्री लाइट जाते म्हणून त्यासाठी इन्व्हर्टर घ्यावा लागला. दुपारची ती मेल्यासारखी झोप पहिल्या महिन्यातच गेली. माझं टेस्टोस्टेरॉन त्या आधीपासून रेंजमध्येच होतं. अमेरिकेत पासष्टीपुढच्या ७९० माणसांवर झालेल्या टेस्टोस्टेरॉनच्या अभ्यासाचे निकाल २०१६ मध्ये आले, त्यातही कामेच्छा सुधारली, पण अंगातल्या उत्साहात म्हणावा तसा फरक पडला नव्हता. हे मला कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं तर कितीतरी रात्री चिंतेत गेल्या नसत्या.

सध्या मी टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटच्या डेपो इंजेक्शनवर, म्हणजे अंगात हळूहळू सुटत राहणाऱ्या इंजेक्शनवर आहे. १००० मिलिग्रॅम, चार मिली तेलकट औषध, कमरेत अगदी हळू द्यायचं. घाईत दिलं तर खोकल्याची उबळ येऊ शकते, म्हणून मी नर्सताईंना आधीच विनंती करतो. पहिल्या दोन सुयांत सहा आठवड्यांचं अंतर, पुढं दहा ते चौदा आठवड्यांचं. पैसे एकरकमी जातात, कापसाचा चुकारा यायच्या आधीची सुई जड जाते. पण पुतणी परत खांद्यावर बसते, आणि दाढी दर दोन दिवसांनी करावी लागते. शेवटच्या एक-दोन आठवड्यांत अजून थोडी मरगळ येते, म्हणून पुढच्या सुईच्या आधी रक्त तपासून अंतर कमी करायचं का ते डॉक्टर ठरवणार आहेत.