सोनेरी रिबिनीचं तयार किट: कार्ड उत्तम, पिशवी उघडून बघा

सप्टेंबर हा बालकर्करोग जनजागृतीचा महिना, त्यामुळे अशी किटं याच सुमारास विकायला येतात. खोक्यात सोनेरी रिबिनी (बालकर्करोग जनजागृतीची खूण), लक्षणांचं कार्ड आणि आजारी मुलाला द्यायची भेटपिशवी. कार्डासाठी पैसे मोजायला हरकत नाही. पिशवी मात्र वॉर्ड न बघितलेल्या माणसाने भरलेली वाटते.

कार्डावर नेमकं तेच आहे जे हवं: फोटोत डोळ्याच्या बाहुलीत दिसणारी पांढरी चमक, नव्याने आलेला तिरळेपणा, पोटात किंवा मानेत गाठ, न हटणारा ताप, फिकटपणा, उगाच उठणारे काळेनिळे डाग, हाडं दुखणं, सकाळची डोकेदुखी आणि उलटी. मुलांच्या बहुतेक कर्करोगांना चाळणी तपासणी (लक्षणं नसताना केलेली) उपयोगी पडत नाही, म्हणून ही यादी पालकांच्या आणि शिक्षकांच्या डोळ्यांखालून जायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार श्रीमंत देशांत 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, तर कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत 30 टक्क्यांहून कमी. उशिरा निदान हे त्यामागचं एक मोठं कारण.

रिबिनी टाचणीच्या आहेत. शाळेत चालतील, वॉर्डात नकोत. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असलेल्या मुलाला साधी टोचणीही महागात पडते. तिथे कापडी पट्टीवर शिवलेली रिबीन बरी.

आता पिशवी. माउथवॉशमध्ये अल्कोहोल आहे, केमोने सोललेल्या तोंडात ते आग पेटवतं. तो काढून टाका, ब्रश अतिमऊ घ्या. सुवासिक लोशनच्या वासाने मळमळ वाढते. लोकरी टोपी उघड्या टाळूला खाजते. सुती, शिवण बाहेरच्या बाजूला असलेली घ्या. टी-शर्ट डोक्यातून घालायचा आहे, पण छातीत पोर्ट किंवा कॅथेटर (औषध देण्यासाठी बसवलेली नळी) असेल तर पुढून बटणांचा हवा. स्टेरॉइडने चेहरा आणि पोट फुगतं, तेव्हा एक माप मोठाच. खेळणं मशीनमध्ये धुता येत नसेल तर देऊच नका.

थर्मामीटर डिजिटल आहे, हे उत्तम, पण माहितीपत्रकात गुदद्वारातून ताप मोजण्याची कृती छापली आहे. पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलात त्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो, काखेतच लावा. साधारण 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरेनहाइट, दिसलं की थेट उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करायचा (त्यांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळायचा). विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल नाही, कारण ताप झाकला जातो आणि प्रतिजैविकाला उशीर होतो. आयब्युप्रोफेनही नको, प्लेटलेटच्या कामात ते अडथळा आणतं. या ओळी किटमध्ये कुठेच नाहीत. जाड अक्षरात लिहून थर्मामीटरच्या डबीवर चिकटवा.

भावंडासाठी खोक्यात काहीच नाही. एक चित्रवही आणि रंगपेटी तेवढी वेगळी घ्या, आणि पिशवी देण्याआधी वॉर्डच्या नर्सला विचारा: काही ठिकाणी सीलबंद वस्तूच आत घेतात.