बरोज अँड वॉट्सचा जुना क्यू : उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावर

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांचा वेळ जायला नको. क्यू म्हणजे बिलियर्ड्स-स्नूकर खेळायची काठी. खेळायला हा क्यू झकास आहे. दणकून मारणाऱ्यांनी याचा नाद करू नये. आणि ‘जुना माल आहे, उद्या भाव येईल’ एवढ्याच हिशोबानं घेणार असाल तर कोल्हापुरात बसून तो भाव हाती येत नाही, तेव्हा पैसे दुसरीकडे लावा.

पुण्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे तीन क्यू एकगठ्ठा मिळत होते. कुठल्याशा बंगल्यातली बिलियर्ड्स रूम मोडली होती. टेबलाची स्लेट (कापडाखालची दगडी फरशी) एकानं नेली, लाकूड दुसऱ्यानं, आणि क्यू मागं राहिले. सुटे द्यायला गडी तयार नव्हता. तिन्हीचे मिळून २८ हजार झाले. एक बरोज अँड वॉट्सचा, ज्याच्याबद्दल हे सगळं लिहितोय. दुसरा ऑस्ट्रेलियाचा बिलियर्ड्सपटू वॉल्टर लिंड्रम याच्या नावाच्या बॅजचा (बॅज म्हणजे मुठीवरची नावाची पट्टी), पण चांगलाच बाक आलेला. तिसरा मेपल लाकडाचा, बॅजबिज काही नाही, मात्र ओळंब्यासारखा सरळ.

बरोज अँड वॉट्स ही बिलियर्ड्सचं सामान बनवणारी लंडनची १८३६ सालची कंपनी. १९६७ मध्ये रायली या त्याच धंद्यातल्या कंपनीनं ती विकत घेतली. माझ्या क्यूच्या बॅजवर कंपनीच्या नावाखाली ‘सोहो स्क्वेअर, लंडन डब्ल्यू. १’ असा पत्ता आहे. तो ‘१’ महत्त्वाचा. लंडनच्या टपाल विभागांना असे आकडे १९१७ मध्ये लागले, त्यामुळं क्यू त्यानंतरचा आणि १९६७ च्या आधीचा, एवढं नक्की. व्यापारी ‘शंभर वर्षं जुना, महाराजांच्या वेळचा’ म्हणून सांगत होता. कोणते महाराज, ते त्यालाही सांगता येईना. लिंड्रमच्या बॅजवर ४१३७ हा आकडा आहे. तेवढ्या गुणांचा बिलियर्ड्सचा ब्रेक (एकाच पाळीत न चुकता काढलेले गुण) त्यानं १९३२ मध्ये लंडनला ज्यो डेव्हिस या खेळाडूविरुद्ध केला, म्हणजे तो बॅज त्याआधीचा असूच शकत नाही. जुन्या क्यूचं वय काढायचं असेल तर असं बॅज वाचूनच काढायचं. विकणाऱ्याच्या तोंडावर जायचं नाही.

बॅजपेक्षा मी लाकडाकडं जास्त वेळ बघितलं. दांडा अॅशचा, मूठ काळ्याभोर एबनीची. एबनीच्या चार जिभा अॅशमध्ये वर चढलेल्या दिसतात, त्याला स्प्लाइस म्हणतात. यंत्रावर कापलेल्या स्प्लाइसची टोकं धारदार आणि चारही सारखी येतात. हातानं बसवलेल्याची टोकं जराशी गोलसर असतात, एखादं वर, एखादं खाली. माझ्या क्यूत चौथं टोक बाकीच्यांपेक्षा नखभर खाली थांबलंय. कारागिराचा हात तिथं दिसतो, आणि खरं सांगायचं तर क्यू मला आवडला तो त्या टोकामुळंच.

लांबी ५७ इंच. वजन गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, ओळखीच्या सराफाच्या काट्यावर केलं. ४५८ ग्रॅम, म्हणजे १६ औंसांच्या किंचित वर. सराफानं ‘यात सोनं कुठाय?’ विचारून घेतलं. आजचे खेळाडू साधारण १७-१८ औंसांचे क्यू वापरतात, त्या मानानं हा हलका. टिप, म्हणजे टोकावरची चामड्याची चकती, १०.५ मिलिमीटरची, आजच्या साडेनऊच्या पुढं जाडच. हे क्यू मुळात तीन चेंडूंच्या बिलियर्ड्ससाठी घडवलेले असत. आपल्याकडंही आधी तोच खेळ मोठा होता. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी खेळाडूंचं जागतिक विजेतेपद मिळवलं तेही बिलियर्ड्सचं.

आल्या आल्या काम निघालं ते फेरूलचं. टिपेखालची पितळी टोपी झिजून कागदाएवढी पातळ झालेली आणि हातानं फिरत होती. उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, लेथवर नवीन करून घेतली. मिस्त्रीनं आधी विचारलं, “कशाचं बुश हाय हे? पंपाचं?” मग क्यू हातात घेऊन टोक नीट न्याहाळलं, व्हर्नियर लावला आणि म्हणाला, “आतनं जरा बारीक ठेवतो, लाकूड घासू नका, मी पितळ घासतो.” लाखातलं वाक्य आहे हे. जाड टिप आवडत नाही म्हणून दांडा घासून बारीक करणारे महाभाग आहेत. एकदा घासलेलं लाकूड परत येत नाही, आणि जुन्या क्यूची किंमत तिथंच निम्मी होते. फेरूल आरल्डाइटनं बसवली, वर एल्क मास्टरची टिप. अजून हललेली नाही.

आता खेळाबद्दल, म्हणजे स्नूकरबद्दल. पहिले काही आठवडे लांबचे पॉट (चेंडू टेबलाच्या खिशात घालणं) चुकत होते. टिप जाड असल्यानं पांढरा चेंडू नेमका कुठं लागणार हे डोळ्याला कळत नाही, आणि नकळत साइड, म्हणजे आडवी फिरकी, लागते. ते अंगवळणी पडल्यावर जवळच्या खेळात या क्यूची मजा यायला लागली. काळ्या चेंडूभोवती हळू हातानं ब्रेक बांधताना पांढरा हवा तिथं, अगदी वीतभर अलीकडं थांबतो. चेंडूला टिप लागल्याचं मुठीपर्यंत कळतं, कारण मधे उघडणारा सांधा नाही, क्यू एकसंध आहे. आमच्या क्लबचे मार्करकाका (टेबलं सांभाळणारे, गुण मांडणारे) सगळ्यांच्या क्यूला नावं ठेवतात. त्यांनी दोन-चार शॉट मारले आणि एवढंच म्हणाले, “साहेब, ह्यो क्यू ऐकतोय.” लांबून खोल स्क्रू (उलटी फिरकी देऊन पांढरा मागं ओढणं) मात्र निघत नाही. हलक्या क्यूनं तो काढायचा तर हात अगदी स्वच्छ लागतो, आणि माझा तेवढा नाही. पोरं १८ औंसांच्या क्यूनं पांढरा टेबलभर ओढून आणतात ते मी बघत बसतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. जुलैत इथं कपडे वाळत नाहीत, तिथं लाकडाचं काय? जुन्या क्यूंमध्ये स्प्लाइस बहुतेक सरसानं चिकटवलेले असतात, आणि सरसाला ओल सोसत नाही. रोज खेळून झालं की चारही जिभांच्या कडांवरून नख फिरवत होतो. श्रावणाच्या सुमारास एका कडेला नख किंचित अडकायला लागलं. तिथं फट नव्हती, अॅश फुगून वर आलं होतं. वाळल्यावर आपोआप बसलं. तशा वेळी घासायला गेलात तर दिवाळीनंतर तिथं खळगा पडलेला दिसेल.

क्यूबरोबर मूळची पत्र्याची काळी केस मिळाली. जुने क्यू जमवणाऱ्यांना ती केसच हवी असते, आणि क्यूसोबत असली तर भाव वाढतो. पण पावसाळ्यात ती आतून घामेजते. एकदा रात्रभर बंद राहिली तर सकाळी आत हात ओला लागला. तेव्हापासून केस फक्त नेण्या-आणण्यापुरती. घरात क्यू आतल्या भिंतीवर खुंट्यांत आडवा असतो. भिंतीला तिरका टेकवून ठेवला की बाक आलाच म्हणून समजा. जवसाचं तेल पावसात लावू नका, वाळत नाही, चिकट थर बसतो. हिवाळ्यात चार थेंब, फडक्यानं घासून घासून, बास.

नेण्या-आणण्याचं दुखणं वेगळंच. एकसंध क्यू म्हणजे जवळजवळ दीड मीटरची पत्र्याची नळी, आणि ती स्कूटरवर. बिंदू चौकात सिग्नलला थांबलो की शेजारचा विचारणारच, “बंदूक हाय काय?” आता मी हो म्हणतो, लवकर सुटका होते.

घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी. फोटोवर जाऊ नका. क्यू सपाट टेबलावर लोळवा, आणि शिवाय एका टोकाला डोळा लावून बघा, कारण काही बाक लोळवताना कळत नाहीत. किंचित बाक चालतो. ऐंशी वर्षांच्या लाकडाकडून फूटपट्टीची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. लांबी मोजा. टिपेकडून कापून छोटे केलेले क्यू खूप फिरतात, आणि विकणारा ते आपणहून सांगत नाही. बॅज साध्या क्यूवर नंतर ठोकलेलेही मिळतात. खऱ्या जुन्या बॅजच्या कडेला मळ आणि पॉलिश एकत्र बसलेलं असतं, नंतर लावलेल्याची कड खरवडल्यासारखी स्वच्छ दिसते. काही जुन्या क्यूंवर हस्तिदंती बॅज असतो. कितीही सुंदर दिसला तरी त्या वाटेला जाऊ नका, हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडं बेकायदा आहे. क्यू खरोखर शंभर वर्षांपुढचा निघाला तर परदेशी गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी १९७२ चा पुरावशेष कायदाही बघून घ्या.

नावामागं किती धावायचं हे ज्यानं त्यानं ठरवावं. स्नूकरपटू स्टीफन हेंड्रीनं सातही जागतिक विजेतेपदं लहानपणी मिळालेल्या एका स्वस्तातल्या क्यूनं जिंकली. २००३ मध्ये विमानप्रवासात सामानात तो मोडला. बाजारभावानं बघाल तर त्यात मोडण्यासारखं काही नव्हतं.

विक्रीत मात्र नावच चालतं, ते मी बघितलं. लिंड्रमचा वाकडा क्यू मी बाकाचे फोटो टाकून, ‘खेळण्याजोगा नाही’ असं लिहून विकायला काढला. आठवड्याच्या आत मुंबईच्या एका गृहस्थांनी १७ हजारांना नेला. भिंतीवर लावणार म्हणाले. सरळ मेपल, जो तिघांत सगळ्यात सहज खेळता येण्यासारखा, त्याला सहा हजारालाही कोणी विचारीना. क्लबमधल्या पोरांना दाखवला. त्यांना बॅगेत मावणारा टू-पीस हवा. एकजण म्हणाला, “काका, मधनं कापून जॉइंट मारून द्या, लगेच घेतो.”

बॅजच्या क्यूला मी असं कधी करणार नाही, कापला की जमवणारे त्याच्याकडं ढुंकून बघत नाहीत. पण या मेपलला ना नाव आहे ना गिऱ्हाईक. मधोमध कापला तर सांधा स्प्लाइसच्या टोकांपासून लांबच पडतो. पितळी स्क्रूचं माप मिस्त्रीला दिलंय. पोरानं एक हजार आगाऊ दिलेत.