ली कंपनीची फॅक्टरी क्रिम्प डाय: शिशाच्या गोळीला मानवते का?

अमेरिकेत पिस्तुलाची काडतुसं घरी भरणाऱ्यांकडे ली कंपनीचा चार डायचा (काडतुसाला आकार देणाऱ्या साच्यांचा) संच हमखास सापडतो. त्यातली चौथी, कार्बाइड फॅक्टरी क्रिम्प डाय, पुंगळीची (काडतुसाच्या पितळी नळकांड्याची) कड गोळीवर आवळते, म्हणजेच क्रिम्प करते. जॅकेटवाल्या (तांब्याचं आवरण असलेल्या) गोळीला ती उत्तम. शिशाच्या गोळीला मात्र ती डोळे मिटून लावू नये.

अडचण तिच्या तोंडाशी बसवलेल्या कार्बाइडच्या (अतिशय कठीण पदार्थाच्या) रिंगेत आहे. काडतूस चेंबरमध्ये (पिस्तुलात काडतूस बसतं त्या खोबणीत) अडकू नये म्हणून ही रिंग ते बाहेरून दाबते. ९ मिमीची जॅकेटवाली गोळी ०.३५५ इंचाची, शिशाची सहसा ०.३५६ किंवा त्याहून जाड. त्यात पुंगळीची भिंत जाड निघाली की दाब थेट शिशावर जातो. पितळ दाबलं तरी किंचित परत फुलतं. शिसं दबलं की दबलंच. मग पुंगळीची पकड सुटते, बारीक झालेल्या गोळीच्या कडेने गरम वायू निसटतो, नळीत शिसं धरतं आणि नेम जातो. बोल लागतो मऊ शिशाला, दोषी असते ही रिंग.

खात्री करायला दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टिकली) न घालता एक काडतूस बनवा, क्रिम्प करा, पुलरने (गोळी उपसण्याच्या साधनाने) गोळी काढून मायक्रोमीटरने मोजा. व्यास ०.००१ इंचाने जरी घटला असेल, तरी ही डाय त्या गोळीसाठी नको.

व्यास टिकला तर पुढचं सोपं आहे. डाय प्रेसच्या शेलहोल्डरला (काडतुसाचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकवा, काडतूस पूर्ण वर चढवा, वरचा स्क्रू पुंगळीला लागेपर्यंत फिरवा. मग काडतूस जरा खाली घेऊन स्क्रूला अर्धा फेरा द्या. पूर्ण फेऱ्याचा घट्ट क्रिम्प शिशाला नकोच. ९ मिमी आणि .४५ एसीपी ही काडतुसं चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकतात, त्यामुळे गोळी बसवण्यासाठी फाकवलेली कड सरळ झाली की काम झालं: तोंडाशी अनुक्रमे ०.३७८ आणि ०.४७१ इंचाच्या आसपास. गोळी धरून ठेवतो तो पुंगळीचा ताण (तिची पकड), क्रिम्प नव्हे. .३८ स्पेशल काडतूस रिमवर (बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर) टेकतं, तिथे गोळीच्या खाचेत रोल क्रिम्प (कड आत वळवणारा) योग्य.

गोळी बसवणं आणि क्रिम्प वेगवेगळ्या टप्प्यांत होतं, हा या डायचा खरा फायदा. एकाच वेळी केलं तर पुंगळीची कड शिसं तासते. पण तो फायदा लीच्याच साध्या टेपर क्रिम्प डायमध्येही (कड न वळवता फक्त आवळणाऱ्या) मिळतो, आणि तिच्यात रिंग नाही. फक्त शिसं वापरणाऱ्यांनी तीच घ्यावी.