वापरलेला थिन क्लायंट आणि फोंड्याचा पावसाळा

होम असिस्टंटसाठी (घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) रास्पबेरी पाय (एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर) घ्यावी की आणखी काही, याचं माझ्यापुरतं उत्तर ठरलंय: जुना डेल वायझ ५०७० थिन क्लायंट, म्हणजे ऑफिसात सर्व्हरला जोडून वापरायचा छोटा कॉम्प्युटर. कुणा ऑफिसातून निघालेला हा डबा आमच्या गोव्यातल्या, फोंडा तालुक्यातल्या घरी अख्खा पावसाळा काढून बसलाय.

कामं मोजकीच. कुळागराचा (सुपारी-नारळाच्या बागेचा) पंप, टाकीची पातळी, ओसरीवरचे नि गोठ्यातले दिवे. एवढ्याला रास्पबेरी पाय ४ सुद्धा पुरून उरते. पण होम असिस्टंट सतत डेटाबेसात नोंदी लिहीत असतं, आणि पायमधलं एसडी कार्ड त्यानं झिजतं. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइलच बिघडते, आणि जून-जुलैत वीज किती वेळा जाते ते गोंयकारांना सांगायला नको. पाय ५ ला एसएसडी जोडता येते, कबूल. पण २७ वॉटचा अडॅप्टर, हॅट (वर बसवायचा जोडबोर्ड), पेटी, पंखा असं करत स्वस्त बोर्डाचं बिल कुठल्या कुठे जातं. शिवाय पंखा म्हणजे दमट हवा आत ओढणं आलं. वायझला पंखाच नाही.

आत सेलेरॉन जे४१०५ प्रोसेसर आहे, चार कोअरचा. एसएसडी बसवायच्या एम.२ जागेत साटा प्रकारचीच चालते, एनव्हीएमई प्रकारची नाही. घेताना नीट बघा. बायोसला (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगच्या पडद्याला) पासवर्ड मागितला तर बहुधा 'फायरपोर्ट' चालतो, इंग्रजी स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर मोठं. आत गेल्यावर सिक्युअर बूट (फक्त मान्य सिस्टमच सुरू होऊ देणारं कुलूप) बंद करा आणि 'एसी रिकव्हरी' 'पॉवर ऑन'वर ठेवा. माझ्या मते खरी किंमत या एका सेटिंगची. वीज आली की डबा आपोआप उठतो, कुणी बटण दाबायला नको. पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नसतं. राउटर उठून इंटरनेट येईपर्यंत तिची वेळ चुकीची, मग पहाटेचा पंप भलत्याच वेळी. वायझमध्ये घड्याळासाठी साधी नाण्यासारखी बॅटरी आहे. जुना माल आहे, तेव्हा आल्या आल्या ती बदलून टाका.

तोटे? सेन्सर थेट जोडायला पिना नाहीत, म्हणून ईएसपी३२ (वायफायवाले छोटे कंट्रोलर बोर्ड) लागतातच. पंपासाठी वायरमनकडून स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर एक रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आणि लाल बटणाच्या ओळीत दुसरा बसवून घेतला. आईचा मोबाइलवर भरवसा नाही. ती अजून बटणच दाबते, आणि कॉम्प्युटर बंद असला तरी तिचं काम अडत नाही. झिगबी डोंगल (दिव्यांशी बिनतारी बोलणारी यूएसबी काडी) मात्र यूएसबी ३ पोर्टात थेट खुपसू नका, त्या पोर्टाचा गोंगाट झिगबीच्याच २.४ गिगाहर्ट्झवर पसरतो. मीटरभर एक्स्टेंशन लावल्यावर गोठ्यातला दिवा हरवायचा थांबला.

वीज सहा-सात वॉट, म्हणजे महिन्याला पाचेक युनिट. चार-सहा कॅमेऱ्यांवर माणसं ओळखायची असतील तर मात्र नवा, एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी बघा. आणि वायझ घेताना १९.५ व्होल्टचा मूळ अडॅप्टर सोबतच मागून घ्या. पुष्कळ विक्रेते नुसता डबाच हातात ठेवतात.