प्लॅटिनमची नाणी: दहा महिने सांभाळून आणि दोन मोडून आलेला अनुभव

दहा महिन्यांपूर्वी प्लॅटिनमचं एक औंसाचं मेपल लीफ (कॅनडाचं नाणं) आणि दशांश औंसाची पाच अमेरिकन ईगल (अमेरिकेची नाणी) घेतली होती, त्यातली दोन ईगल गेल्या महिन्यात मोडली, म्हणून आत्ता लिहायला बसलेय. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं.

कौतुक आहेच. मेपल लीफ तळहातावर ठेवलं की आधी वजन जाणवतं. जेमतेम 30 मिलिमीटरचं नाणं, सोन्याच्या एक औंस मेपलपेक्षा अंगाने पातळ, कारण प्लॅटिनमची घनता 21.45 आणि सोन्याची 19.3. रंग चांदीसारखा लखलखीत नाही, जरा करडा, शांत वाटतो. माझ्या चांदीच्या नाण्यांवर पांढरट डाग आलेत, याला दहा महिन्यांत काही म्हणजे काही झालं नाही. ओरखडे मात्र पडतात हं! एकदा एक ईगल कॅप्सूलमधून काढून टेबलावर नुसतं सरकवलं तर त्यावरच्या स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या गालावर केसाएवढी रेघ उमटली, दिव्याखाली तिरकं धरलं की अजून दिसते. तेव्हापासून फक्त कडेने धरते आणि कापडाने पुसत तर अजिबातच नाही.

खरंखोटं बघायची सोय मला फार आवडली. दोन दशांश स्थळं दाखवणाऱ्या वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा आणि नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवायचं, पण तळाला टेकू द्यायचं नाही. एक औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, तर काट्यावर 31.1 भागिले घनता 21.45, म्हणजे 1.45 च्या आसपास यायला हवं, माझं बरोब्बर 1.45 आलं. चांदी असती तर 3 च्या जवळ गेलं असतं. सोन्यात टंगस्टन भरून फसवतात कारण दोघांची घनता जवळजवळ सारखी, पण प्लॅटिनमच्या जागी टंगस्टन असेल तर काटा 1.6 दाखवतो, लगेच पकडलं जातं. दशांश औंसाच्या नाण्यावर हे नीट जमत नाही, आकडाच इतका बारीक येतो.

आता मोडण्याचं. पहिल्या दोन डीलरनी हातच लावला नाही, म्हणाले प्लॅटिनमला आमच्याकडे गिऱ्हाईक नाही. तिसऱ्याने घेतलं पण स्पॉट रेटपेक्षा, म्हणजे धातूच्या त्या वेळच्या बाजारभावापेक्षा, बरंच खाली, आणि मी घेताना छोट्या नाण्यांवर चांगला तगडा प्रीमियम (धातूच्या भावावर जादा पैसे) भरलेला, त्यामुळे मधल्या काळात भाव थोडा चढूनही मुद्दल पूर्ण सुटलं नाही. खूप वाईट वाटलं. छोटी नाणी गरजेला एकेक मोडता येतील हा माझा हिशोब होता, तो प्लॅटिनममध्ये चालत नाही, इथे एक औंसच घ्यावं.

भावाचंही सोन्यासारखं समजू नका. 2008 मध्ये प्लॅटिनम सोन्याच्या दुपटीहून वर होतं, नंतर कित्येक वर्षं सोन्याच्या खाली राहिलं. मागणीचा मोठा भाग गाड्यांचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा आणि खाणीतून निघणाऱ्यातलं बहुतेक दक्षिण आफ्रिकेतलं, त्यामुळे गाड्यांचा धंदा मंदावला किंवा तिथे संप झाला की भाव हलतो. चारसहा महिन्यांसाठी पैसे अडकवायचे असतील तर हे नकोच.

जमवणाऱ्यांसाठी मात्र खजिना आहे. रशियाने 1828 ते 1845 चक्क व्यवहारात चालणारे प्लॅटिनमचे रूबल पाडले, आधुनिक बुलियन (धातूच्या किमतीसाठी घेतल्या जाणाऱ्या) नाण्यांत पहिलं आयल ऑफ मॅनचं नोबल, 1983 चं, मेपल लीफ आलं 1988 ला, ईगल 1997 ला. ईगलच्या प्रूफ नाण्यांची (जमवणाऱ्यांसाठी खास चकचकीत पाडलेल्या) मागची बाजू 1998 ते 2016 बदलत गेली, माझा जीव त्यांच्यातच अडकलाय. पण प्रूफला धातूपेक्षा बरंच जास्त मोजावं लागतं, ते गुंतवणुकीच्या पैशातून घेऊ नये.

उरलेली तीन ईगल राहू देणार, रेघ पडलेलं त्यातच आहे. पुढचं घेईन ते एक औंसाचं, आणि पैसे देण्याआधी त्याच डीलरला विचारणार की परत घ्याल का आणि स्पॉटच्या किती खाली.